न पळणारी मरळ

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी भिवाजीनं मरळींची टोपली पडवीत ठेवली, तेव्हा त्याची बायको सोनुबाई वाल सोलत होती.

"जाळं नाय, गळ नाय. हातानं धरली," तो म्हणाला. "पळतच नाय गं! तुझ्या भावासारखी सुस्त."

सोनुबाईला हसू आलं नाही. मरळ ही हातात येता येता निसटणारी जात. तिनं एकीचा कल्ला उचलला. आत लाल नव्हतं, तपकिरी चिकट साय धरली होती. मागे पाणी तपासायला आलेला माणूस चावडीत बोलला होता : वरच्या अंगाला धातूला मुलामा द्यायचा कारखाना आहे, त्याचं जस्त-तांबं नदीत येतं, कल्ल्यांत बसतं, मासा गुदमरतो, शिजवलं तरी ते जात नाही.

"माझ्या चुलीवर नाय चढणार ही."

"मग वाडीवर दे. कोंडीची पोर जना बाळंत झालीय."

शिळी भाकरी, किडके वाल, घराला नको ते डोंगराकडच्या कातकरी वाडीवर द्यायचं, ही रीत सोनुबाईनं सासूकडून उचलली होती. तिला ती दया वाटे.

गोठा झाडायला आलेली कोंडी टोपली पाहून हरखली. "पोरीला दूध येईल आता! तुमी काय रांधताव, बाई?"

"वाल."

"मरळ आसताना वाल? उपास हाय का काय?" हसतच ती चढणीला लागली.

सोनुबाईच्या हातून दाणे टरफलांत, टरफलं दाण्यांत पडू लागली. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती दाराशी गेली, परत आली, पुन्हा गेली. मग अनवाणीच वाडीकडे धावत सुटली.

झोपडीत जना वाडगा तोंडाला लावत होती. सोनुबाईनं तो हिसकावून रस्सा अंगणात ओतला.

"बाई!" कोंडी ओरडली. "दिलेलं काढून घेताव?"

"नदीत कारखान्याचं इख हाय गं. आमी... आमी नाय खाल्ली."

"म्हंजी ठाव होतं तुमाला?"

सोनुबाईची मान खाली गेली. टोपलीत अजून दोन मरळी होत्या. "पुरून टाक," ती कसंबसं म्हणाली.

"का पुरू? खालापूरच्या कचेरीत नेऊ, सायबाच्या मेजावर ठेवू. पन मला तो दारातनंच हाकलंल. तुमी पुढं व्हा."

"येते."

"आनि त्यानं इचारलं, हे कुनी खाल्लं, तर?"

सोनुबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. "सांगेन. आमी ओळखलं म्हणून खाल्लं नाय. आनि बाळंतिणीला दिलं."

कोंडीनं टोपलीची एक कड धरली, दुसरी तिच्यापुढं केली.