अमिनाबीने घडवलेली अनवरी

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे. कागदाच्या लगद्याची. पण मला कुणी खेळण्यासाठी केले नव्हते. माझा चेहरा एका हरवलेल्या मुलीचा आहे.

१९५७च्या दिवाळीनंतर मारेगावच्या बाजारातून चार वर्षांची अनवरी नाहीशी झाली. तिला बोलता येत नव्हते. बाप रहेमान सायकली दुरुस्त करी, आई अमिनाबी टोपल्यांना लगद्याचा लेप देई. दोघांनी विहिरीसुद्धा धुंडाळल्या. पोलीस ठाण्यात फोटो मागितला. फोटो कुठून आणणार? त्या घरात कुणी कधी फोटोच काढला नव्हता.

मग अमिनाबीने रद्दी भिजवली, मेथ्या घालून उखळात कुटली आणि मला घडवायला बसली. चेहरा काही जमेना. तीनदा तिने तो मोडला. "नाक असं नव्हतं जी तिचं," म्हणून रडली. चौथ्यांदा डाव्या भुवईवरची खोक उमटली आणि रहेमानने तोंड फिरवले. तेव्हा मला कळले, मी जमले. अमिनाबीने स्वतःच्या वेणीचे केस कापून माझ्या डोक्याला चिकटवले.

त्यानंतर आम्ही बाजारामागून बाजार पालथे घातले. मुकुटबनला ती मला उंच धरून ओरडली, "कोणी पाह्यलं काय इले?" लोक हसले. एकाने विचारले, "कितीले देतं वं बाहुली?"

रहेमान थकला. "बस कर आता," म्हणाला.

"तुम्हाले थांबायचं तं थांबा. मी नाही थांबत."

दर ईदला ती माझे गाल खरवडी, नवा लगदा लावून हनुवटी लांबवी. पोर वाढली असेल ना! मला धास्ती वाटे. मी चुकीची वाढले, तर खरी अनवरी समोरून जाईल आणि कुणी ओळखणार नाही.

१९६० साली महागावच्या बाजारात एक बंजारा बाई माझ्यासमोर थबकली. तिचे नाव सुखीबाई. बराच वेळ ती बघत राहिली, मग माझ्या भुवईवरच्या खोकेवर तिने बोट ठेवले.

"ही तं माही पोरगी हाय," ती म्हणाली. तीन वर्षांपूर्वी मारेगावकडून कापूस वेचून परतताना तिच्या बैलगाडीत झोपलेली एक पोर सापडली होती. "वाटंनं गावोगाव इचारलं. पण मांगं नाही फिरली. मले लेकरू नव्हतं."

तांड्यावर अनवरी धावत आली, ती सुखीबाईच्या ओढणीत शिरली. अमिनाबीने हात पुढे केला. पोरीने तो झटकला.

अमिनाबी आठ दिवस त्याच झोपडीत राहिली. आठव्या दिवशी अनवरीने तिच्या हातची भाकर खाल्ली. अमिनाबी अनवरीला घेऊन निघाली, तेव्हा सुखीबाई अंगणात कोसळली. अमिनाबीने मला तिच्या मांडीवर ठेवले. "वाटलं तवा ये, बाई. तुहीबी हाय ते."

सुखीबाई मारेगावला कधीच गेली नाही. एकदा अर्ध्या वाटेवरून परत आली.

आता माझा लगदा भुसभुशीत झाला आहे. उंदरांनी टाच कुरतडली आहे. सुखीबाई मला कडेवर घेऊन दारात बसते, बोलते, उत्तराची वाट बघते. मला उत्तर देता येत नाही.

मित्रांनो, वाटेत कुणी काही दाखवून विचारले, तर हसून पुढे जाऊ नका. थांबा. नीट बघा. सुखीबाईलाही पुढे निघून जाता आले असते. थांबले, तर पोर हातची जाणार, हे तिला पहिल्या नजरेतच कळले होते. तरी ती थांबली.