दिवा मालवेपर्यंत थांबणारी बोट

मित्रांनो, मी एक जुनी प्रवासी बोट आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. माझ्यावर रंगाचे इतके थर चढले आहेत, की आत लोखंड उरलं आहे की नुसता रंगच तरंगतो आहे, याची मलाच शंका येते.

उत्तरेला नकाशा संपत येतो, तिथल्या एका गावाला मी जाते. तिथे पोहोचायचे मार्ग तीन. विमान छोटं आहे. धुकं दिसलं की रुसून बसतं. बस घाटातून येते. बर्फ पडला की घाट बंद, तो थेट उन्हाळ्यात उघडतो. तिसरी मी. पर्यटकांच्या माहितीपत्रकात विमानाचं चित्र पानभर आहे, बसचं अर्धं पान. माझ्याबद्दल तळाशी एवढंच छापलं आहे : 'हाताशी वेळ असल्यास.' गावात उतरल्यावर मात्र सगळे सारखेच. भाड्याची सायकल, नाहीतर आपले दोन पाय.

मी नवी होते तेव्हा अख्खं गाव मला बघायला धक्क्यावर लोटलं होतं. कप्तानाची थोरली बहीण गावची सुईण. तिने माझ्या कठड्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "बाई गं, दमानं घे. इथं कुणाला घाई नाही."

गावाची एक रीत होती. हिवाळ्यात तिथे दुपारीच अंधार पडतो. ज्याला बोटीने जायचं असेल, तो धक्क्याकडच्या खिडकीत दिवा लावी. दिवा जळतो आहे, म्हणजे माणूस अजून आवरतो आहे. मालवला, म्हणजे निघाला. तो येईपर्यंत मी हलत नसे. ही रीत सगळ्यांना ठाऊक होती, म्हणूनच ती कुणाला सांगायची असते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढे घरं पर्यटकांना भाड्याने जाऊ लागली. त्यांच्या भिंतींवर कचरा कुठे टाकायचा, गरम पाणी कसं सोडायचं, सगळं लिहिलं होतं. दिव्याचं नव्हतं.

एका हिवाळ्यात सुईणताईच्या छातीत दुखू लागलं. दवाखाना पलीकडच्या किनाऱ्यावर. सकाळचं विमान पर्यटकांना घेऊन गेलं होतं. मागोमाग धुकं उतरलं. घाट बंद. उरले मी. तिला माझ्या केबिनमध्ये निजवलं, दोर सोडणार, तोच चढावरच्या एका घरात दिवा दिसला.

"कोण एवढं नटतंय?" इंजिनवाला वैतागला. "लग्नाला निघालंय का?"

"ताई, निघूया," कप्तान म्हणाला. "तुला धाप लागलीय."

"थांब रे. म्हातारं माणूस असेल, बूट चढवायला वेळ लागतो. त्याचंही काही दुखत असेल. पुढची बोट परवा."

"तू गप्प पडून राहा."

"मग तू थांब, मी गप्प राहते."

थोरल्या बहिणीपुढे कप्तान कसला नि काय. आम्ही थांबलो. दिवा मालवेना. शेवटी इंजिनवाला धावत वर गेला आणि धापा टाकत परत आला. घरात कुणीच नव्हतं. किल्ली पायपुसण्याखाली होती. मंडळी सकाळच्या विमानाने गेली होती, दिवा तसाच ठेवून.

मी जीव तोडून पाणी कापलं. पण सुईणताई अर्ध्या वाटेतच गेली. माझ्याच केबिनमध्ये, भावाचा हात हातात धरून. कप्तानाने कुणाला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर धक्क्यावर पाटी लागली : बोट ठरल्या वेळी सुटेल. गावाने खिडकीत दिवे लावणं सोडलं. मी आता वेळेवर सुटते, आणि लोक त्याबद्दल माझं कौतुकही करतात. दोर सोडताना कप्तान गावाकडे पाठ करून उभा राहतो.

मित्रांनो, जरूर या. विमानाने या, बसने या, वेळ असेल तर माझ्यातून या. फक्त परक्या घरात उतराल, तेव्हा शेजारी विचारा, इथली रीत काय आहे म्हणून. लोक आपणहून सांगणार नाहीत. त्यांना वाटतं, तुम्हाला ठाऊकच असेल.