उजेडमातेची नळी

पर्वत पाटियाच्या त्या समाजवाडीच्या सभागृहात गुरुवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसायची. पुढे बायका, मागे लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, थेट आलेली माणसं, केसांत अजून धाग्यांचा कापूस, आणि चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत. समोर पाटावर उजेडबापू. हातात एक साधी ट्यूबलाइट, जिला लूमवाले नळी म्हणतात. ना तिला तार, ना पट्टी. वाडीतले दिवे मालवले की बापू ती नळी एखाद्या आजारी माणसाच्या हातात द्यायचे, त्याला उजेडमातेच्या कापडी तसबिरीसमोर उभं करायचे आणि सकाळी औषध घेतलं का ते विचारायचे, "सवारे दवा लीधी?"

"नाही, बापू."

"बस! तो मा आवशे. प्रगट हो, मा, प्रगट हो!"

आणि नळी पेटायची. हातातल्या हातात, लखलखीत. वर त्या माणसाच्या छातीला ऊबही लागायची. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. पण कुणी चुकून "हो, गोळी घेतली" म्हणालाच, तर नळी काळीठिक्कर. मग बापू मान हलवत म्हणायचे, "जहर आणि ज्योत एका घरात राहतील का, भक्तलोक? डॉक्टर तुम्हाला जहर खिलवतो. मा फुकट बरं करते." फुकट म्हणताना दानपेटी तेवढी पुढे सरकायची.

कडोदऱ्याच्या कारखान्यात लूम चालवणाऱ्या गोपाळला टीबी होता. सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या, वजनही वाढत होतं. बापूंकडे जायला लागल्यापासून त्याने त्या बंद केल्या. हे कळलं तेव्हा त्याचा मेव्हणा ललित तडक त्यांच्या खोलीवर गेला.

"दाजी, गोळ्या का सोडल्या?"

गोपाळ खोकला, मग हसला. "ललित, तू कम्प्युटरवाला. मी कारखानामा किती नळ्या बदल्यात! चोक नही, स्टार्टर नही, तार नही. मंग कशी पेटनी? सांग ना."

अडाणी माणूस फसला असता तर समजावणं सोपं होतं. पण नळी कशी पेटते हे ज्याला चोख ठाऊक, त्याला विनातारेची नळी म्हणजे देवच वाटणार. गोपाळने तर पडताळाही घेतला होता. "गोयी खाईसन गऊ, नळी पेटनी नही. गोयी सोडी, तं लगेच पेटनी. आखो काय पुरावा पाहिजे तुले?"

"भाऊ, इडिओ देख ना," म्हणत नूतनने, ललितच्या थोरल्या बहिणीने, बापूंच्या प्रक्षेपणाची चित्रफीत त्याच्या मोबाइलवर पाठवली. वाडीतल्या वायफायवरून बापूंचे चेले दर गुरुवारी सगळा कार्यक्रम थेट दाखवत.

ललित दिवसभर एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. उरलेला जीव त्याचा गच्चीवर. हौशी रेडिओचा रीतसर परवाना, जुनी डिश, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेला, लहरी पकडणारा भोंगा, आणि सूक्ष्मलहरी, म्हणजे मायक्रोवेव्ह, आल्या की काटा हलवणारं घरगुती यंत्र. आई शोभाबाई गच्चीवर कपडे वाळत घालताना विचारायची, "तुना डबडामा कोन बोली ऱ्हायनं रे?" आणि ललित चिडायचा तो तिच्यावरच. कारण आईने खाली मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये भाजी गरम करायला ठेवली की वर त्याच्या कानात नुसती घरघर. ओव्हनचं दार घट्ट बंद असतं, तरी थोडी गळती होतेच.

त्या रात्री त्याने चित्रफीत पाहिली. "प्रगट हो" म्हटलं की चित्र अडकायचं. दुसरा भक्त, पुन्हा "प्रगट हो", पुन्हा अडकलं. नळी विझली की चित्र सुरळीत. बापूंनी याचीही सोय लावून ठेवली होती. "माताजीचं तेज मोबाइलमध्ये मावत नाही!" म्हणायचे, आणि लोक टाळ्या पिटायचे.

ललितला टाळी नाही, शिसारी आली. वायफाय आणि ओव्हन एकाच पट्ट्यातल्या लहरींवर चालतात. त्या वाडीत कुणीतरी दार काढलेला ओव्हन चालवत होतं, आणि त्याच्यासमोर आजारी माणसं उभी करत होतं.

पुढच्या गुरुवारी तो पिशवीत आपलं काट्याचं डबडं आणि भोंगा घेऊन गर्दीत बसला. "प्रगट हो" झालं की काटा उडायचा, आणि भोंगा तसबिरीकडे वळवला की सगळ्यात जास्त. तसबिरीमागून बारीक घुंईं असा आवाजही येत होता. लूमच्या खडखडाटात कान गेलेल्या त्या माणसांना तो कुठून ऐकू यावा?

ललितने नाव पुकारून घेतलं. बापूंनी नळी दिली. "सवारे दवा लीधी?"

"नाही, बापू."

"प्रगट हो, मा!"

नळी पेटली. ललितने डोळे वाचवायला तोंड फिरवलं, शेजारची प्लास्टिकची खुर्ची पायाने पुढे ओढली, तिच्या हातांवर नळी आडवी टाकली आणि बाजूला झाला. नळी लखलखतच होती.

"बापू, या खुर्चीला कसला आजार होता?" तो ओरडला. "आणि मी तर दारातच डोकेदुखीची गोळी गिळून आलोय. हे बघा पाकीट!"

मागून कुणीतरी फसकन हसलं. बापू गडबडले. "ये नास्तिक छे! पकडो!" चेले उठेपर्यंत ललितने तसबिरीचं कापड खाली ओढलं. मागे फळीवर उघडा ओव्हन, दार काढलेला, पुढे पत्र्याचं नरसाळं, आणि हातात बटण धरून बसलेला चेला योगराज. घाबरून त्याने बटण सोडलं. खुर्चीवरची नळी विझली, आणि कुणीतरी वाडीतले दिवे लावले.

"नीट बघा," ललित म्हणाला. "नळीत वायू असतो. या लहरी आदळल्या की तो तारेशिवाय पेटतो. छातीला ऊब लागते ती भाजी तापते तशी, याच्याने डोळे जाऊ शकतात. आणि गोळी घेतली म्हणालात की हा योगराज बटणच दाबत नव्हता!"

आता लोक बापूंना धरतील असं त्याला वाटलं होतं. थोडे उठलेही. पण पहिल्या रांगेतली केशरबाई ललितवरच धावून आली. "मातेच्या कापडाला हात लावलास, मेल्या! मशीन असंल, पन मशीनमधी आली ती मायच ना?" त्या गलक्यात बापू मागच्या दाराने निघून गेले. पुढे पोलीस आले, ओव्हन घेऊन गेले. महिनाभरात कानावर आलं की चलथाणकडे कुणी बापू पाण्यात दिवे लावतात.

वाडीतलं सगळं मागे बसून पाहिलेला गोपाळ मात्र त्या गुरुवारी रात्रीच गोळ्यांचं पाकीट शोधत बसला. नूतनने ते देव्हाऱ्यामागे सारून ठेवलं होतं. सकाळी ललित दोघांना घेऊन दवाखान्यात गेला. तपासण्या झाल्या. डॉक्टरीण बाईंनी अहवाल पुन्हा वाचला आणि चष्मा काढला. "मध्येच सोडल्या ना, त्यामुळे आता या गोळ्या लागू पडत नाहीत. दुसरी औषधं देऊ. जड असतात, लांबतात. बघू या." मग त्यांनी विचारलं, घरात लहान मूल आहे का. होतं. दीप्ती, पहिलीत जाणारी, आठवड्यापासून खोकत होती. तिचीही तपासणी झाली; बापाकडूनच तिलाही टीबी लागला होता.

घरी आल्यावर नूतनने बापूंनी प्रसाद म्हणून दिलेली, देव्हाऱ्यात पुजलेली नळी उचलली. ललितला वाटलं, फोडणार. तिने ती स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या रिकाम्या पट्टीत बसवली आणि बटण दाबलं. नळी पेटली, कुठल्याही घरात पेटते तशी. त्या उजेडात नूतन बाप-लेकीची औषधं वेगवेगळी करू लागली. मग म्हणाली, "भाऊ, त्या दिनले तुना दाजीले खोकला उना म्हनीसन नळी मी धरी. मना हातमा बी पेटनी. मले तं काही बिमारी नव्हती. मंग मी इचारं काबर नही?"

तिच्यावर रागावण्याचा हक्क आपल्याला आहे असं ललितला वाटेना. त्या वाडीत शेकडो माणसं बसत होती. कारखान्यात एक नळी लुकलुकली तर हीच माणसं स्टूलवर चढतात, स्टार्टर फिरवतात, तार तपासतात, आणि दोष सापडल्याशिवाय खाली उतरत नाहीत. तेवढीच तपासणी बापूंची करायची होती. खुर्चीच्या हातांवर नळी ठेवून बघायला ना परवाना लागतो, ना डबडं. कुणी रोग बरा करतो म्हणाला, तर त्याच्या पाया पडण्याआधी त्याच्या तसबिरीमागे जाऊन बघा. तो जाऊ देत नसेल तर तिथूनच मागे फिरा, आणि घरी जाऊन आधी आपली गोळी घ्या. तेवढं गोपाळने केलं असतं, तर आज दीप्ती शाळेत असती.