आधी पत्ता, मग गाऱ्हाणं

चौतीस वर्षं मी साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात दावे दाखल करून घ्यायच्या खिडकीवर बसले. वकिलांची मला कधी भीती वाटली नाही. पण नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला कायदा शिकणारी माझी लेक अश्लेषा अमेरिकेतल्या कोर्टांवरच्या तोंडी परीक्षेत आपटली, तेव्हा माझाही जीव खालीवर झाला आणि मी तिच्याकडे जाऊन राहिले. आता फेरपरीक्षा, तीही शेवटची. हुकली की वर्ष गेलं.

चूक अस्सल आपली. आपल्याकडे तालुक्यापासून दिल्लीपर्यंत एकच जिना. कायदा केंद्राचा असो की राज्याचा, पायऱ्या त्याच. बाईसाहेबांनी ओहायोतलं घरमालक-भाडेकरूचं भांडण राज्याच्या कोर्टातून उचललं आणि थेट संघराज्याच्या कोर्टात अपिलाला नेलं. तिकडे जिने दोन, राज्याचा वेगळा आणि संघराज्याचा वेगळा, हे पाठ होतं पण मुरलं नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी पोहे चिवडत ती मला सरावाचे खटले सांगत होती. प्रत्येकात बरोबर कोण, यावरच तिची गाडी धावत होती. मला रागच आला. मी सांगितलं, खिडकीवर कागद आला की मी गाऱ्हाणं वाचतच नसे. आधी दोघांचे पत्ते, मग कायद्याचं नाव. कोर्ट चुकलं असेल तर कागद परत. भल्याभल्या वकिलांना मी असं माघारी धाडलंय. तूही आधी तेच विचार.

"पण आई, परीक्षेत उलट प्रश्न कसा विचारायचा?"

"न विचारता काय झालं ते पाहिलंस ना?"

ती सायकलवरून गेली, मी बसने मागोमाग. खोलीबाहेरच्या बाकावर देवाचं नाव घेत बसले. वीस मिनिटांनी ती हसत बाहेर आली, मागून तिचे उंच प्राध्यापक.

त्यांनी कारखान्याच्या सांडपाण्याचा खटला दिला होता. हिनं आधी विचारलं, दोघं कुठल्या राज्यातले आणि दावा कुणाच्या कायद्याखाली? दोघं एकाच राज्यातले, कायदाही राज्याचाच. मग संघराज्याच्या संविधानाचा प्रश्न नसेल, तर हा खटला राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयात संपतो, असं तिनं सांगितलं. पास!

मी कोर्टात होते हे कळल्यावर प्राध्यापकांनी विचारलं, न्यायाधीश होतात का? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, नाही, न्यायाधीशांच्या आधी लोक माझ्याकडे यायचे; आधी पत्ता विचार, हे मी हिला आज सकाळीच सांगितलं.

"मग हिची परीक्षा सकाळीच तुमच्यापुढे झाली," ते म्हणाले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

चौतीस वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी तिथेच पदरानं डोळे पुसले.