लाखनीच्या होमपेजवर वाढदिवस

मित्रांनो, मी एका सॉफ्टवेअर कंपनीची जुनी वेबसाइट आहे. नेमकं सांगायचं तर तिचं पहिलं पान, ज्याला होमपेज म्हणतात. अवघ्या जगाची आणि लाखनीची पहिली भेट माझ्याच उंबरठ्यावर होते. जगातून आजवर जे आले, त्यांतले बरेचसे साकोली बसचं वेळापत्रक शोधत चुकून आले, हा भाग वेगळा. वय म्हणाल तर दोन वर्षं. आमच्या जातकुळीत याला म्हातारपण म्हणतात.

आमची चिन्नोर सॉफ्टवेअर ही कंपनी लाखनी गावात, महामार्गावर टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. धान खरेदी केंद्रावर रांग लागू नये म्हणून मोबाइलवर टोकन देणारं सॉफ्टवेअर ती विकते. मालक भैयाजी. मला घडवलं ते रीनाने. ती तेव्हा कामावर नवीनच लागली होती.

रीनाने मला खुर्चीत बसून घडवलं नाही. आधी ती दोन दिवस एकोडीच्या केंद्रावर जाऊन उभी राहिली. लोक मोबाइल कसा धरतात, उन्हात डोळे किती बारीक करतात, नेटवर्क केव्हा जातं, हे तिने पाहिलं. मग मला पांढरं अंग दिलं आणि मोठी काळी अक्षरं. वर एकच ओळ होती: ‘धानाचं टोकन मोबाइलवर घ्या, रांगेत उभं राहू नका.’ खाली एकोडीचं केंद्र सांभाळणाऱ्या पार्वताबाईंच्या हातातल्या मोबाइलचा खराखुरा फोटो, त्यात टोकन स्पष्ट दिसत होतं. त्याखाली ‘फोन करा’ हे बटण, अंगठ्याला सहज लागेल असं. संपलं. एकोडीच्या नेटवर्कवरही मी डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडत असे. त्या हंगामात दोन केंद्रांनी मला पाहूनच फोन केला. ते माझे कर्तबगारीचे दिवस होते. मोजून चार महिने.

पुढे भैयाजींच्या लक्षात आलं की माझ्यावर त्यांचा फोटो नाही.

आमच्याकडे चौकात फ्लेक्स लागतात, ते तुम्ही पाहिले असतील. मधे मोठा चेहरा, भोवती शुभेच्छुकांचे लहान चेहरे, आणि कोणाचा चेहरा केवढा यावरून महिनाभर अबोला. भैयाजींना बोर्ड म्हणजे तेवढंच ठाऊक. त्यांनी रीनाला गॉगल लावून फोनवर बोलतानाचा आपला फोटो दिला. मग मेहुण्याचा, म्हणजे कमलेशचा दिला. मग मंडप डेकोरेशनवाल्या राजकुमारचा, त्याच्या मोबाइल नंबरासकट. कमलेशचा फोटो राजकुमारपेक्षा लहान निघाला, तर तो दोन दिवस ऑफिसात फिरकला नाही. कामाचं काही अडलं नाही. पण तिसऱ्या दिवशी माझ्यावर दोघांचे चेहरे सारख्या मापाचे झाले आणि पार्वताबाईंचा मोबाइल निघाला.

रीना एकदाच बोलली. ‘भैयाजी, लोकायले टोकन दिसलं पाहिजे. माणसं पाहून काय करतीन ते?’

‘माणसं नाही दिसली तं भरोसा कसा बसन वो?’ भैयाजी म्हणाले. या माणसांना पाहून भरोसा बसेल अशी त्यांची खरोखर समजूत होती.

त्यानंतर भैयाजींना थांबवणारं कोणी उरलं नाही. मागे काचेच्या उंच इमारती आल्या. त्यांच्यापुढे लॅपटॉपकडे पाहून हसणारे गोरे लोक आले. लॅपटॉपकडे पाहून लाखनीत आजवर कोणी हसलेलं नाही. ‘उद्याच्या जगाला सक्षम करणारे डिजिटल भागीदार’ अशी एक ओळ आली, जिचा अर्थ आजतागायत मलाही कळलेला नाही. उघडताच सनई वाजू लागली. ‘मी आपली काय सेवा करू?’ असं विचारणारा एक चौकोन नेमका ‘फोन करा’वर येऊन बसला. सेवा त्याने कोणाचीच केली नाही.

अशा अवस्थेत पवनीचं काम आलं. तिथल्या महिला संस्थेकडे नऊ केंद्रं होती. अध्यक्ष कुंताबाई यांनी कळवलं की मंगळवारच्या बैठकीत दोन कंपन्यांची पानं मोबाइलवर पाहू आणि तिथेच ठरवू. भैयाजींनी रीनाला सांगितलं, हे काम आलं तर तुझी नोकरी पक्की, नाही तर एक तारखेपासून येऊ नको. रीनाने विनवलं की निदान त्या एका दिवसापुरतं जुनं पान लावू द्या. भैयाजी नाही म्हणाले. मंगळवारी कमलेशचा वाढदिवस होता.

पवनीला शेडखाली अकरा बाया बसल्या होत्या. मला उघडायला पाऊण मिनिट लागलं. आधी सनई आली. मग केक, त्यामागून कमलेश, ‘दिलदार नेतृत्व’ या अक्षरांसकट. कुंताबाईंनी चष्मा पुसला, अंगठ्याने बरंच खालीवर केलं आणि माझ्यावर जो एकमेव नंबर दिसत होता, तो लावला. राजकुमारने विचारलं, लग्न किती तारखेचं आहे.

शेवटी त्यांनी एकोडीच्या पार्वताबाईंकडून रीनाचा नंबर मिळवला.

‘पोरी, आमी धानाचं पाहाले बसलो. तुमच्याइथं तं वाढदिवस सुरू हाये.’

‘हो बाई, हाये,’ रीना म्हणाली. मग तिने सॉफ्टवेअर चांगलं आहे, एकोडीला दोन हंगाम बिनबोभाट चाललं आहे, हे समजावलं. कुंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

‘तुयं खरं असन. पण कायची कंपनी हाये, हेच तुमाले सांगता येत नाही. केंद्रावर भीड झाली का मंग आमाले काय सांगान?’

काम दुसऱ्या कंपनीला गेलं. तिचं पान मी पाहिलं आहे. हिरवट, बेढब, दोन ओळी आणि एक नंबर. एक तारखेपासून रीना आली नाही. फोटो लहान पडले, असा निष्कर्ष भैयाजींनी काढला.

तर मित्रांनो, पहिल्या पानावर तुम्ही काय करता ते लिहा, नंबर लिहा आणि हात आवरा. आपल्या पानाची निगा राखणं म्हणजे त्यावर भर घालणं, असं समजू नका. भर घालायला कोणीही येतो.

मंगळवार होऊन सात महिने झाले. कमलेशचा वाढदिवस माझ्यावर अजून सुरूच आहे. तो काढायला पासवर्ड लागतो. तो रीनाकडे आहे, आणि तिला अजून कोणी विचारलेला नाही.