विझवण्याआधीचे काम

यंत्राच्या खोलीच्या कुलपात आदल्या संध्याकाळी सोडलेला खोबरेल तेलाचा थेंब नीट मुरला आहे की नाही, हे किल्लीच्या पहिल्या फिरकीतच मावुसी अहियाबोरला कळत असे. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाजण आणि मधल्या वाळूच्या पट्ट्यावर मिशनचे रुग्णालय. लोखंड म्हणून जे काही होते, त्याला इथली हवा रोज थोडीथोडी खात होती. दार उघडल्यावर तिने चपला बाहेर काढल्या, मक्याच्या आंबट पेजेचा झाकणाचा पेला खिडकीच्या कठड्यावर ठेवला, कारण आत खाणेपिणे नेत नसत, आणि खुंटीवरचे फडके घेऊन वातानुकूलन यंत्राची जाळी पुसली. मग ती सर्व्हरकडे वळली. त्याच्या कपाळावरचा दिवा नारिंगी होता.

यात नवे काही नव्हते. त्या यंत्राच्या पोटातच एक कारभारी बसवलेला होता; फर्मवेअर त्याचे नाव. कुठलाही सुटा भाग चुकला की तो नोंद करी आणि चुका फार झाल्या की निळा दिवा नारिंगी करी. चुकांच्या त्या नोंदी पुसल्या की दिवा पुन्हा निळा. मावुसीने खुर्चीत बसून नोंदी पुसल्या, दिवा निळा झाल्याचे पाहिले आणि पेज प्यायला ती बाहेर आली.

पेला अर्धाही झाला नव्हता, तोच दाराच्या काचेतून तिला पुन्हा तो नारिंगी ठिपका दिसला.

पूर्वी असे नव्हते. सुरुवातीला एकदा विझवलेला दिवा नाताळापासून ईस्टरपर्यंत गप्प राही. मग महिन्याने लागू लागला, मग आठवड्याने. या पावसाळ्यानंतर तर रोज सकाळी तोच तिची वाट पाहत असे. तिने ते मनावर घेतले नव्हते. गंजत्या गावात एखादी गोष्ट कुरकुरली, तर कोण कान देतो? आज मात्र तिने पेला झाकून परत कठड्यावर ठेवला.

आज गुरुवार होता, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांचा दिवस. बाहेरच्या बाकांवर आया आपापली पोरे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोणत्या मुलाला कोणते रक्त चालते, कोणाला मागच्या वेळी कशाने थंडी वाजून आली, हे सारे त्या यंत्रात होते. सेना नावाची एक मुलगी एकदा न चालणारे रक्त चढल्याने मरणाच्या दारातून परत आली होती. तेव्हापासून यंत्रातली नोंद पाहिल्याशिवाय सिस्टर एन्योनाम रक्ताच्या पिशवीला हात लावत नसे. रोज संध्याकाळी रुग्णांच्या नोंदींची प्रत घेतली जाई, पण ती याच यंत्राच्या हातची. यंत्रच चुकू लागले, तर प्रत कशाच्या भरवशावर बरोबर म्हणायची?

तिने एफो डोत्सेंना फोन लावला. थोरल्या भावाच्या मानाने सारे रुग्णालय त्यांना एफोच म्हणे. निवृत्त होण्यापूर्वी ही खोली तेच सांभाळत, त्यांच्यानंतर मावुसी. आता ते खाजणाकाठी छोट्या कांद्यांचे वाफे करत.

"एफो, दिवा विझत नाही."

"विझत नाही म्हणजे?"

"म्हणजे विझतो. पण पेज संपायच्या आत परत लागतो."

पलीकडे पाणी शिंपडण्याचा आवाज थांबला. "आत काय दिसलं तुला?"

"आत?"

"झाकण उघडून, बाई."

मावुसी हळूच म्हणाली, "झाकण कशाला उघडायचं? तुम्हीच सांगितलं होतं ना, नारिंगी दिसला की नोंदी पुस."

"अरे देवा. अगं, तेव्हा मी यंत्राचा बिघडलेला पंखा बदलून झाकण लावत होतो. तू दारात उभी होतीस, म्हणून म्हटलं, आता नोंदी पुस, म्हणजे विझेल." ते थांबले, आणि त्यांना हसू आवरेना. "भांडी घासून झाल्यावर कुणाला फडकं मारायला सांगावं, आणि तिनं वर्षानुवर्षं खरकट्या भांड्यांवरच फडकं मारत बसावं, तशातली गत झाली ही."

तिलाही हसू आले असते. पण तिची नजर बाकांवरच्या पोरांकडे गेली. ती हसत नाही हे ओळखून ते गंभीर झाले. म्हणाले की चूक त्यांचीही होती, पहिल्यापासून सांगायला हवे होते. मग त्यांनी समजावले: आत स्मृतीच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या शेजारी मोहरीएवढा दिवा असतो. जी पट्टी बिघडली, तिच्याशेजारचा पेटतो. यंत्र बंद केल्यावरही आतले बटण दाबून धरले की तो थोडा वेळ दिसतो.

"पण तू बाहेरून नोंदी पुसल्यास की आतलाही विझतो. म्हणून आता कळफलकाला बोट लावू नकोस. पेटलाय ना, पेटू दे त्याला. आणि ती पट्टी सापडली की काढून ठेव, खोडरबरानं घासून परत बसवायची नाही. खारानं खाल्लेल्या तिच्या सोनेरी दातांचा भरवसा नसतो."

प्रशासक अग्बोझोसाहेब नवा शर्ट घालून आरशासमोर उभे होते. आज बिशपांसोबत राजधानी अक्राहून पाहुणे यायचे होते. कागदाविना चालणारे रुग्णालय त्यांना दाखवायचे होते, आणि ते आवडले तर आणखी दोन मिशन रुग्णालयांना अशी यंत्रे मिळणार होती. यंत्र बंद करायचे आहे, हे ऐकल्यावर त्यांनी पाहुणे जाईपर्यंत थांबायला सांगितले. मावुसीने आपण इतकी वर्षे काय करत होतो तेही सांगून टाकले. ते आरशापासून वळले.

"म्हणजे रोज सकाळी मला निळा दिवा दिसायचा, तो तू लावलेला?"

"हो, साहेब."

"आणि आज तसाच लावलास तर?"

"तर पाहुण्यांसमोर तुमचा मान राहील. पण पोराच्या हातात सुई असताना यंत्र बसलं, तर सिस्टरनं कुणाकडे बघायचं?"

साहेबांनी शर्टाचे वरचे बटण लावले, मग पुन्हा काढले. "पाहुणे यायच्या आत होईल?"

"माहीत नाही."

"तर मग इथं का उभी आहेस?" ते म्हणाले.

सिस्टर एन्योनामने कपाटातली जुनी कार्डे बाहेर काढली. "तुमच्या यंत्राला सुट्टी आणि माझ्या हाताला शिक्षा," असे ती कुरकुरली खरी, पण त्या जुन्या कार्डांवरची धूळ तिने केव्हाच झटकलेली दिसत होती. यंत्र उठेपर्यंत कोणालाही रक्त द्यायचे नाही, असे दोघींनी ठरवले.

यंत्र बंद झाले आणि पंखे थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत मावुसीला समुद्र ऐकू आला. तिने झाकण सरकवले आणि आतले बटण दाबून धरले. ओळीच्या टोकाला, भिंतीकडच्या बाजूला, एक नारिंगी दाणा लागला. एकच. किती सकाळी तो इथे असाच पेटला असेल आणि आपण त्याला विझवले असेल, असे तिच्या मनात आले. तिने ती पट्टी अलगद उपसली. सोनेरी दातांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. पट्टी रुमालात गुंडाळून तिने बाजूला ठेवली आणि झाकण लावले.

यंत्र सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पडदा काळाच राहिला, तेव्हा सिस्टर एन्योनाम दारात येऊन उभी राहिली; हातात सेनाचे जुने कार्ड होते. अखेर अक्षरे उमटली. एकीने कार्ड वाचायचे, दुसरीने पडदा. रक्तगट जुळला. चालत नसलेल्या रक्ताची खूण जुळली. तारखा जुळल्या. मग दुसरे मूल, मग तिसरे. ज्यांची ज्यांची कार्डे होती, त्या सगळ्यांचे जुळले. कुठे एक अक्षरही ढळले नव्हते.

मावुसी होती तिथेच फरशीवर बसली.

"रडताय?" सिस्टरने विचारले.

"भूक लागलीये. पेज तशीच राहिली माझी."

"आता तिची खळ झाली असेल. पोस्टर चिकटवा तिनं," असे म्हणून सिस्टर हसत वळली, आणि बाहेर तिने पहिल्या मुलाचे नाव पुकारलेले मावुसीला ऐकू आले.

मग तिने वर पाहिले. दिवा अजून नारिंगीच होता. एक पट्टी कमी आहे, ही नोंदही कारभाऱ्याने इमानाने केली होती. नवी पट्टी अक्राहून यायला आठवडा लागणार होता. तोवर यंत्र थोडे हळू चालेल, पण चालेल. पडद्यावर नेहमीचा प्रश्न उभा होता: नोंदी पुसायच्या?

व्हरांड्यात पावले वाजू लागली. बिशपांचे मोकळे हसणे आणि त्यांच्याशी जुळवून घेणारा साहेबांचा आवाज जवळ येत होता. मावुसी उठली. प्रश्नाला तिने नकार दिला आणि पडदा मिटला. खुंटीवरचे फडके घेऊन दिव्याच्या काचेवर साचलेली खारट पूड तिने नीट पुसली, तसा तो दारातूनही स्पष्ट दिसू लागला. फडके खुंटीला परत अडकवून तिने दार उघडले आणि पाहुण्यांना वाट देत ती एका बाजूला उभी राहिली.