आपल्या कंपनीचं मशीन

आमच्या चौघांत सगळ्यात कमी शेअर माझे होते आणि सगळ्यात मोठं तोंडही माझंच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की वच्छला नर्स बिचारी भोळी होती, तिला काय कळत होतं. मला सगळं कळत होतं.

भवानी पेठेत डॉक्टरांच्या दवाखान्यात मी बारा वर्षं नोकरी केली. रविवारी दवाखाना बंद, पण सिरिंजा उकळायच्या म्हणून किल्ली माझ्याकडे असायची. त्या निमित्तानं सकाळी दहाला आमची सभा भरायची. सभा कसली, पेशंटच्या बाकावर तिघं पुरुष आणि स्टोव्हपाशी मी. कचेरीतून रिटायर झालेले आबासाहेब, लॉरी एजंट लालसाब आणि गिरणीतला फिटर धोंडीराम. चौघांनीही आरोग्यदीप कंपनीचे शेअर घेतले होते. ही कंपनी तिकडे लांब पुण्याच्या बाजूला बीपी बघायची मशीनं बनवायची. आबासाहेबांनीच तिचे फॉर्म आणले होते. "परदेशी माल आता येत नाही," ते म्हणाले होते, "आणि रोग काही थांबणार नाहीत. ही कंपनी बुडणं शक्यच नाही."

दहाचा शेअर वर्षात अठरावर गेला, तेव्हा आमचे पाय जमिनीवर नव्हते. लालसाबनं पेढे वाटले. त्याच रविवारी आबासाहेबांच्या डोक्यात आलं की वर्गणी काढून कंपनीचं एक मशीन घ्यावं आणि सभेच्या वेळी येणाऱ्या-जाणाऱ्याचं बीपी फुकट बघावं. लोक बघतील, डॉक्टर मागवतील, कंपनीचा खप वाढेल, म्हणजे आपला भाव वाढेल. आपल्या कंपनीचा माल आपणच वापरला नाही तर कोण वापरणार, असं ते म्हणाले आणि आम्ही माना डोलावल्या. चाळीस लाख भांडवलाची कंपनी आम्ही एका मशीनवर वर उचलणार होतो! आज हसू येतं. तेव्हा मी स्वतः त्या मशीनला हळदकुंकू वाहिलं होतं.

गोल तबकडीचं, पितळी घराचं मशीन होतं. धोंडीरामचा त्याच्यावर भारी जीव. गिरणीत पट्ट्यात सापडून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती आणि त्याची भरपाई मिळाली ती सगळी त्यानं आरोग्यदीपमध्ये घातली होती. चारशे शेअर. "माजी दोन बोटं हायत त्या कंपनीत, आक्का," असं तो हसत सांगायचा. त्याची बायको सोनाबाई मात्र हे ऐकलं की उठून आत जायची.

सत्त्याहत्तर साल उजाडलं आणि भाव घसरायला लागला. अठराचा तेरा, तेराचा नऊ. मुंबईचा पेपर दुपारच्या आत हाती लागायचा नाही, म्हणून आम्ही शनिवारचा पेपर रविवारी वाचायचो. श्रावणातल्या एका रविवारी आबासाहेबांनी चष्मा पुसून वाचलं, "साडेसहा."

"विका," लालसाब म्हणाला. "अजून साडेसहा तरी हातात येतात."

"घाबरून विकणारेच भाव पाडतात, लालसाब."

"मी घाबरून नाही बोलत, साहेब. हैदराबादकडच्या एका दवाखान्यातून चाळीस खोकी परत पुण्याला गेली. माझ्याच लॉरीत गेली की! पावतीवर काय लिहिलं होतं सांगू? मशीन नादुरुस्त."

आबासाहेबांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले की माल परत जातो म्हणजे तो वाईटच असतो असं नाही, बिलाचा वाद असेल, शिवाय मुंबईचे बडे लोक नव्या कंपनीला उभंच राहू देत नाहीत. त्यांनी पिशवीतून कंपनीचा छापील अहवाल काढला. गुळगुळीत कागद, चेअरमनचा रंगीत फोटो. "हा माणूस फसवणारा दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"फसवणारा कधी फसवणारा दिसतो का, साहेब?" लालसाब म्हणाला.

"त्ये ऱ्हाऊ द्या," धोंडीराम म्हणाला. त्यानं मशीन मांडीवर घेतलं होतं. "हे पितळ बगा. असलं काम करनारा मानूस खोटं कशाला करंल? आक्का, माजं बगा बरं. चार दिस झालं डोकं लई दुकतंय."

मी पट्टा बांधला. वरचा आकडा एकशेचाळीस आला. "ठीक आहे," मी म्हटलं. धोंडीराम लालसाबकडे बघून हसला, जणू परीक्षेत पास झाला.

तेव्हा लालसाबनंच तोड काढली. डॉक्टरांकडे पाऱ्याचं जुनं विलायती मशीन होतं. "सिस्टरबाई, आठवडाभर दोन्ही मशीनं एकाच हाताला लावून बघा. आपलं खोटं निघालं तर चौघंही विकू. खरं निघालं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही." आबासाहेबांना हे पटलं. धोंडीराम म्हणाला, "आक्का सांगतील त्ये खरं."

आता माझं ऐका. विजापूर रोडला सोसायटीची एक खोली माझ्या नावानं धरून ठेवली होती. महिनाअखेर बाराशे रुपये भरले नाहीत तर ती पुढच्या माणसाला जाणार होती. मी लग्नाच्या तिसऱ्या वर्षी विधवा झाले, तेव्हापासून भावाच्या घरी. भावजय वाईट नव्हती, पण वीस वर्षं मी चहात साखर विचारून घालत होते. माझे शेअर दोनशे. साडेसहानं तेराशे होत होते. पाचावर आलं की खोली गेली. एवढं साधं होतं.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी मी झाडूवाल्या शिवबाईला खुर्चीत बसवलं. आपलं मशीन, एकशेदहा. पाऱ्याचं मशीन, एकशेचाळीस.  पुन्हा लावलं, तेच. माझ्या स्वतःच्या हाताला लावलं, तेच. दुपारी तीन पेशंट बघितले. कुठं पंचवीस, कुठं तीस, पण दरवेळी कमीच. काटा शून्यावर टेकलेला दिसायचा, कारण शून्यापाशी एक बारीक खिळा होता आणि काटा त्या खिळ्याला अडून बसायचा. खिळा नसता तर काटा आणखी खाली गेला असता. लबाडी अशी की बघणाऱ्याला दिसूच नये.

मी मशीन खोक्यात ठेवलं आणि विचार करत बसले. रविवारी खरं सांगितलं तर चौघांचेही शेअर एकदम बाजारात येणार. लालसाबचे हजार, आबासाहेबांचे सहाशे. त्या मरतुकड्या शेअरला आधीच कुणी विचारत नव्हतं. सोळाशे-दोन हजारांचा ढीग पडला की भाव चारावर येणार, आणि त्या ढिगात माझे दोनशे कुठंतरी तळाला. मग मी ठरवलं. आधी माझे जाऊ देत. मुंबईला शेअर विकून पैसे यायला पंधरा दिवस लागतात, तेवढाच तर प्रश्न, नंतर सांगीन. पंधरा दिवसांत काय होतंय?

मंगळवारी सुट्टी काढून मी चाटी गल्लीत सिद्धाराम दलालाकडे गेले आणि फॉर्मवर सही करून आले. "कुणाला बोलू नका," मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "बाई, सगळे हेच म्हणतात."

रविवारी तिघंही माझ्या आधी येऊन पायरीवर बसले होते; मी कुलूप काढल्यावर बाकावर आले. मी स्टोव्ह पेटवला, सिरिंजा घातल्या, भांड्यावर झाकण ठेवलं. जेवढा वेळ काढता येईल तेवढा काढला. शेवटी आबासाहेब म्हणाले, "सांगा, वच्छलाबाई."

"दोन्ही सारखीच," मी म्हटलं.

लालसाब माझ्याकडे बघत राहिला. तो लॉरीवाल्यांत वाढलेला माणूस, खोटं त्याला वासानं कळायचं. पण शब्द दिला होता, गप्प बसला. आबासाहेबांनी अहवालाची घडी घालून पिशवीत ठेवली. आणि धोंडीराम! त्यानं टाळी वाजवली, तीन बोटांची. "मी म्हनलं न्हवतं? पितळ बोलतंय की!"

मग त्यानं बाही वर केली. काट्यावर एकशेपंचेचाळीस. मी मनातल्या मनात तीस मिळवले. एकशेपंचाहत्तर. "धोंडीराम," मी म्हटलं, "एकदा उद्या डॉक्टरांना दाखव बाबा. डोकं दुखतंय ना तुझं?"

"आता कशाला? तुमीच म्हनला दोन्ही सारकी हायती."

मी काय बोलणार? बोलता येत होतं. एक वाक्य होतं. ते मी गिळलं.

पुढं तर आणखी वाईट झालं. धोंडीरामनं आबासाहेबांना विचारून मशीन घरी नेलं. जाताना माझ्याकडून मशीनबरोबरची नळी कानात घालून बीपी बघायला शिकला. दहा मिनिटांत आलं त्याला. गिरणीच्या खात्यातल्या खडखडाटात कुठलं बेअरिंग वाजतंय ते ओळखणारा कान होता त्याचा. रोज कामावर जाण्याआधी तो स्वतःचं बीपी बघायचा आणि चुलीशेजारच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहायचा. डोकं दुखलं की भिंतीकडे बोट दाखवून सोनाबाईला म्हणायचा, "काय न्हाय, उनाचं दुकतंय."

सतराव्या दिवशी सिद्धारामनं मला बोलावून तेराशेला थोडे कमी हातात दिले. मी तिथूनच सोसायटीच्या ऑफिसात गेले, पैसे भरले, पावती घेतली. रस्त्यानं येताना अक्षरशः हलकं वाटत होतं. उद्याच तिघांना सांगायचं, धोंडीरामला हाताला धरून डॉक्टरांपुढं बसवायचं, असं ठरवूनच झोपले.

सकाळी दवाखान्याच्या पायरीवर लालसाब उभा होता. "धोंडीराम पहाटे मोरीत पडला," तो म्हणाला. "मीच टेम्पोतून मोठ्या दवाखान्यात नेला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिथं बीपी किती निघालं माहीत आहे? दोनशेवीस." मग त्यानं आवाज खाली आणला. "सिस्टरबाई, दोन्ही सारखीच होती ना?"

मी किल्ली कुलपात घालत होते. कुलूप काढून आत गेले आणि स्टोव्ह पेटवला.

त्याच आठवड्यात लालसाबनं आणि आबासाहेबांनी शेअर विकायला काढले. पावणेचार आले. धोंडीरामच्या चारशे शेअरच्या फॉर्मवर सही लागत होती आणि सही करणारा उजवा हात गेला होता.

तीन आठवड्यांनी त्याला घरी आणलं. सोनाबाईचा निरोप आला, आक्कांनी येऊन रोज बीपी बघावं. मी डॉक्टरांचं पाऱ्याचं मशीन पिशवीत घालून गेले. ती दारातच म्हणाली, "त्ये नगं, आक्का. त्येनी आपल्याच मशीनकडं बोट करत्यात. दुसरं लावू दीत न्हाईत."

आत जायच्या आधीच मी तिला सांगितलं. अंगणात तुळशीपाशी उभ्या होतो. मशीन तीस कमी दाखवतं, हे मला त्या सोमवारी कळलं होतं, आणि मी गप्प बसले. का गप्प बसले तेही सांगितलं. खोलीचं, बाराशेचं, सगळं. मला वाटलं ती शिव्या देईल, पायताण काढेल. काढायला हवं होतं.

ती म्हणाली, "बाराशे?"

"हो."

"मला म्हनला असता तर दिलं असतं की, आक्का. ह्या पाटल्या हायत्या न्हवं." आणि तिनं हात पुढं करून दाखवले. दोन्ही मनगटांत जाडजूड पाटल्या होत्या. मी रडायला लागले. ती रडली नाही. "आत चला," म्हणाली. "त्येनी हात काडून बसल्यात."

धोंडीराम भिंतीला टेकून बसला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण मला बघून डावीकडनं हसला. डावा हात पुढं केलेला, बाही वर सारलेली. चुलीशेजारच्या भिंतीवर आकड्यांची रांग होती. एकशेचाळीस, एकशेअडतीस, एकशेपंचेचाळीस. खाली खडू ठेवलेला. मी आपल्या मशीनचा पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. तो काट्याकडे टक लावून बघत होता. एकशेपन्नास. तो आकडा त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला आणि मान हलवली, ठीक आहे म्हणून. मग तीन बोटांनी भिंतीकडे खूण केली. लिहा.

मी खडू उचलला. खाली बसले आणि रांगेच्या शेवटी लिहिलं, एकशेऐंशी.

तो भिंतीकडे बघत राहिला. मग काट्याकडे बघितलं, मग पुन्हा भिंतीकडे. फिटर माणूस, त्याला किती वेळ लागणार? त्यानं वरची सगळी रांग एकदा खालपासून वरपर्यंत डोळ्यांनी चाचपली. मग माझ्याकडे बघितलं. पट्टा अजून दंडावर होता. तो तसाच ठेवून त्यानं हात चादरीखाली ओढून घेतला आणि तोंड फिरवलं.